आगारातील वीज गावाच्या कामी यावी

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मुंबई-हावडा लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तर भागातून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा निघून जातो. जलंबहून एक छोटी शाखा खामगावपर्यंत येते आणि तिथेच थांबते. ती पुढे जालन्यापर्यंत न्यावी, ही मागणी इंग्रजी अमदानीपासूनची आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र आजही घाट चढूनच गाठावे लागते. अशा जिल्ह्यात एस.टी. म्हणजे प्रवासाच्या अनेक साधनांपैकी एक साधन नव्हे; शाळा, बाजार, दवाखाना, कचेरी आणि तीर्थक्षेत्र यांना जोडणारा तो एकमेव भरवशाचा धागा आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर आणि जळगाव जामोद अशी सात आगारे तेरा तालुक्यांचा हा व्याप सांभाळतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने चालणाऱ्या योजनेतून विनामूल्य पास मिळालेली पाचवी ते बारावीची मुलगी, २०२२ पासून विनामूल्य प्रवास करणारे पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा आणि २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास करणारी गृहिणी या तिघांचीही वाट त्याच लाल गाडीकडे लागलेली असते. एस.टी.चे काही बरेवाईट झाले, तर त्याची पहिली झळ खासगी मोटार दारात उभी असलेल्या घराला नव्हे, तर या घरांना लागते.

ही एस.टी. आता विजेकडे वळते आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर महामंडळाची पहिली बस धावली होती. त्याच तारखेला, त्याच मार्गावर, २०२२ मध्ये 'शिवाई' ही विजेवरची बस धावली. २०२३ मध्ये ५१५० विद्युत बसगाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला. पुरवठा ठरल्या मुदतीत झाला नाही आणि त्यावरून पुढे बरीच वादावादीही झाली. तरी दिशा ठरलेली आहे, ती आता उलटी फिरणार नाही. डिझेलचा खर्च, आयात तेलावरील परावलंबन आणि धूर या तिन्हींचा विचार करता ती फिरूही नये. मात्र या सर्व चर्चेत गाड्यांची संख्या, त्यांची किंमत आणि त्या कधी येणार एवढेच प्रश्न विचारले जातात. त्या गाड्यांसाठी आगाराआगारात जी उच्चदाब वीजवाहिनी येईल, जे रोहित्र बसेल, जी चार्जिंग यंत्रे उभी राहतील, ती केवळ बससाठीच राबणार की त्या गावाच्याही कामी येणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. खरे तर पुढील दहा-बारा वर्षांच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम महाराष्ट्राच्याच एका विस्मृत प्रयोगाकडे वळावे लागते. ११ जून १९६२ रोजी मुंबईत गोवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर 'बेस्ट'ने ट्रॉलीबस सुरू केली. ट्रॉलीबस म्हणजे रबरी चाकांची, रुळांविना चालणारी, परंतु डोक्यावरच्या दोन तारांतून दोन दांड्यांच्या साह्याने वीज घेणारी बस. चेकोस्लोव्हाकियाच्या स्कोडा कारखान्यातून त्या गाड्या आणल्या होत्या. १९०७ पासून धावणारी विजेची ट्राम तेव्हा शेवटचे दिवस मोजत होती. ३१ मार्च १९६४ रोजी ती थांबली. ट्रॉलीबसलाही फार आयुष्य लाभले नाही. गाड्या वारंवार बिघडू लागल्या आणि २४ मार्च १९७१ रोजी तो अध्याय संपला. डिझेल स्वस्त होते, तारांची देखभाल कटकटीची वाटत होती. तारा उतरल्या, खांब निघाले आणि त्याबरोबर रस्त्यावरील वाहनाला थेट वीज पुरवण्याचे कौशल्यही शहराच्या हातून निसटले.

योगायोगाची गोष्ट अशी की, ज्या देशातून मुंबईच्या ट्रॉलीबस आल्या, त्याच देशाच्या राजधानीने, प्रागनेही, पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, आपली ट्रॉलीबस मोडीत काढली. पण प्राग तिथेच थांबले नाही. २०१७ मध्ये त्या शहराने एका चढाच्या रस्त्यावर पुन्हा तारा बांधून प्रयोग केला आणि २०२२ मध्ये नियमित ट्रॉलीबस सेवा नव्याने सुरू केली. मात्र ही नवी ट्रॉलीबस जुन्यासारखी तारेला जखडलेली नाही. तिच्या पोटात बॅटरी आहे. तारेखालून धावताना ती बॅटरी भरून घेते आणि जिथे तार नाही तिथे त्या साठ्यावर चालते. चढावर तार, सपाटीवर बॅटरी अशी ती विभागणी आहे. पन्नास वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या गोष्टीतील उपयुक्त तेवढा भाग निवडून नव्या गरजेला जोडण्याचे हे शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे.

ट्रॉलीबसच्या तारेमागची यंत्रणा थोडी समजून घेतली, तर पुढचा मुद्दा स्पष्ट होईल. शहराची वीज उच्च दाबाने आणि प्रत्यावर्ती प्रवाहाच्या रूपात येते. दर काही अंतरावर एक छोटे उपकेंद्र असते. तेथे रोहित्र दाब उतरवते, रेक्टिफायर त्याचे सुमारे सहाशे ते साडेसातशे व्होल्टच्या दिष्ट प्रवाहात रूपांतर करतो आणि ती वीज तारांच्या ठराविक टप्प्याला मिळते. या उपकेंद्राची क्षमता ठरवताना अभियंत्याला सर्वांत कठीण क्षणाचा विचार करावा लागतो. एकाच टप्प्यात तीन-चार गाड्या एकदम थांब्यावरून निघाल्या, त्यात एखादी चढावर असली, तर जी मागणी येईल ती पेलली पाहिजे. असा क्षण दिवसातून क्वचितच येतो. उरलेला वेळ उपकेंद्र आपल्या शक्तीच्या थोड्याच भागावर काम करीत असते. रात्री तर ते जवळपास रिकामेच असते. लग्नाच्या पंगतीसाठी घेतलेली मोठी भांडी वर्षभर माळ्यावर पडून राहावीत, त्यातला हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट याहून लक्षणीय आहे. विजेची गाडी ब्रेक लावते तेव्हा तिचीच मोटर जनित्र बनते आणि वीज उलट निर्माण होते. ती वीज तारेत सोडता येते. पण जवळपास दुसरी एखादी गाडी ती घेण्यास हजर असेल तरच तिचा उपयोग. उपकेंद्रातील साधा रेक्टिफायर एकमार्गी असतो. त्यातून वीज मागे शहराच्या जाळ्यात जात नाही. मग ती गाडीच्या टपावरील रोधकांत उष्णतेच्या रूपाने जाळून टाकावी लागते. कष्टाने चढवलेले पाणी उतारावर सोडून द्यावे, तसे हे होते.

या दोन्ही गोष्टी, म्हणजे पडून असलेली क्षमता आणि वाया जाणारी वीज, युरोपातील ट्रॉलीबसच्या शहरांनी हेरल्या. नेदरलँड्समध्ये आज ट्रॉलीबस चालवणारे आर्नहेम हे एकमेव शहर. तेथे आणि पोलंडमधील ग्दिनिया, हंगेरीतील सेगेद या शहरांमध्ये गेल्या काही वर्षांत अभ्यास आणि प्रयोग झाले. कल्पना सोपी आहे. बसच्या तारेला किंवा उपकेंद्राला रस्त्याकडेची चार्जिंग यंत्रे जोडायची. बसला गरज नसेल तेव्हा त्यातून मोटारी, मालवाहू वाहने आणि बॅटरीवरच्या इतर बस भरून घ्यायच्या. एखादी ट्रॉलीबस ब्रेक लावत असेल, तर तिची वीज उभ्या असलेल्या मोटारीच्या बॅटरीत जाईल. जाळावी लागणार नाही. चार्जिंगसाठी शहरात नवी वाहिनी खोदण्याचा, नवे रोहित्र बसवण्याचा खर्चही त्या प्रमाणात वाचेल. सूर्यप्रकाशावर निर्माण होणारी वीजही दिष्ट प्रवाहाचीच असल्याने तीही या जाळ्यात जोडता येते.

हे सारे विनाअट नाही, हेही सांगितले पाहिजे. टप्प्याच्या टोकाला तारेतील दाब आधीच घसरलेला असतो. तेथे चार्जिंग यंत्र जोडले आणि त्याच वेळी बस चढावर आली, तर बस अडखळेल. म्हणून यंत्र कोठे जोडायचे, किती शक्तीचे जोडायचे याचे गणित आधी मांडावे लागते. ते यंत्र शहाणेही असावे लागते. दाब उतरल्याचे जाणवताच त्याने आपली ओढ कमी केली पाहिजे आणि बस पुढे गेल्यावर पुन्हा वाढवली पाहिजे. आधी बस, मग इतर, हा त्या व्यवस्थेचा पहिला नियम आहे. सार्वजनिक वाहतुकीच्या तारेवर खासगी मोटारीने हक्क सांगायचा नाही, उरलेल्यात भागवायचे. हा नियम तांत्रिक दिसत असला, तरी त्यामागे सामाजिक न्यायाची एक स्वच्छ कल्पना आहे.

आता प्रश्न असा की, या सगळ्याचा बुलढाण्याशी संबंध काय? जिल्ह्यात ट्रॉलीबस कधी नव्हती आणि नजीकच्या काळात ती येईल असेही दिसत नाही. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तारेवर चालणाऱ्या बस आणि मालमोटारींची, विजेच्या महामार्गाची कल्पना अनेकदा मांडली आहे. ती महानगरांना आणि वर्दळीच्या महामार्गांना लागू पडू शकते. तारा बांधण्याचा खर्च निघण्यासाठी त्या तारेखालून दर काही मिनिटांनी गाडी गेली पाहिजे. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणाऱ्या राजूर घाटात तेवढ्या गाड्या नाहीत. तेव्हा घाटात तारा ओढा, असे म्हणणे हे हौसेचे ठरेल, हिशेबाचे नव्हे. परंतु तार न घेताही तारेमागचे तत्त्व घेता येते. ट्रॉलीबसच्या शहरांत जे उपकेंद्र, तेच बुलढाण्यात उद्याचे एस.टी. आगार आहे.

थोडा हिशेब मांडून पाहावा. एखाद्या आगारात विजेच्या वीस बस आहेत आणि प्रत्येक बस रोज दोनशे किलोमीटर धावते असे धरले. मोठ्या बसला किलोमीटरमागे सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. म्हणजे रोजची गरज सुमारे पाच हजार युनिटची झाली. रात्री शेवटची गाडी मुक्कामी आल्यापासून पहाटेची पहिली गाडी सुटेपर्यंतच्या सहा तासांत ती भरायची, तर आठशे ते नऊशे किलोवॉटची ओढ पडेल. तेवढ्यासाठी स्वतंत्र उच्चदाब जोडणी घ्यावी लागणार, आणि तिच्या कमाल मागणीवर दरमहा आकार भरावा लागणार. दिवसाच्या उरलेल्या अठरा तासांत, दुपारच्या विश्रांतीत दोन-चार गाड्यांना दिलेली थोडी भर सोडली, तर ही जोडणी निपचित पडून राहील. भांडवल गुंतलेले, आकार चालू आणि काम नाही!

त्या रिकाम्या क्षमतेचा केवळ चौथा भाग, म्हणजे दोनशे किलोवॉट, दिवसाचे आठ तास गावासाठी खुला केला, तर सोळाशे युनिट वीज वाटता येईल. एका ई-रिक्षाला एका भरणीस साधारण सहा युनिट लागतात असे धरले, तर अडीचशेहून अधिक ई-रिक्षांची ती दिवसाची बेगमी आहे. शेगावला श्री गजानन महाराजांच्या दर्शनासाठी रेल्वेने व एस.टी.ने येणारे भाविक शेवटचे मैल-दोन मैल रिक्षानेच जातात. तेथील रिक्षाचालकाला घरच्या जोडणीवर रात्रभर वाहन लावून ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नसेल, तर त्याचा दुपारचा धंदा बुडतो. खामगावच्या बाजारपेठेतील मालवाहू तिनचाकी, तालुक्याला शिकवायला जाणाऱ्या शिक्षिकेची दुचाकी, रुग्णवाहिका, नगरपालिकेची घंटागाडी या सर्वांना बसस्थानकाच्या एका कडेला, बसच्या मार्गात न येता, हक्काची जागा मिळू शकते. महामंडळाला त्यातून तिकिटाखेरीजचे उत्पन्न मिळेल. तोट्यातील एस.टी.ला प्रत्येक अर्थसंकल्पात हात पसरावा लागतो, असे म्हणणाऱ्यांनी या उत्पन्नाकडे दुर्लक्ष करू नये.

घाटाचीही एक गंमत येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. पंधरा टन वजनाची बस तीनशे मीटर खाली उतरते, तेव्हा तिच्यात सुमारे बारा युनिटइतकी ऊर्जा मोकळी होते. तिचा मोठा हिस्सा बसच्या बॅटरीत परत जाऊ शकतो, पण केव्हा? बॅटरीत जागा असेल तेव्हाच. बुलढाण्याच्या आगारातून शंभर टक्के भरून निघालेली बस थेट राजूर घाटात उतरू लागली, तर ती वीज घेणार कोण? ट्रॉलीबसच्या तारेत जी अडचण, तीच येथे. याउलट मलकापूरला पायथ्याशी बॅटरी पूर्ण भरली आणि वर बुलढाण्याला थोडी जागा राखून भरली, तर उताराची कमाई पदरात पडेल आणि ब्रेकची झीजही कमी होईल. मुंबईच्या कार्यालयात बसून सर्व आगारांना एकच नियम लावला, तर हे साधणार नाही. घाटमाथ्यावरचे आगार आणि पायथ्याचे आगार यांचे वेळापत्रक वेगळे असावे, हे घाटात तीस वर्षे गाडी चालवलेल्या चालकाला पुस्तकावाचून कळते. नियोजनात त्याचा शब्द असला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याकडून येईल आणि तो रास्त आहे. रब्बीत गावची डीपी जळते आणि ती बदलून मिळेपर्यंत हरभरा माना टाकतो. अशा जिल्ह्यात मोटारी भरण्यासाठी वीज कुठली आणायची? २००५ नंतरच्या वर्षांतील दहा-बारा तासांचे भारनियमन ग्रामीण घरे विसरलेली नाहीत. त्यामुळे आगारातील चार्जिंगचा भार शेतीच्या वाहिनीवर पडता कामा नये, ही पूर्वअटच असली पाहिजे. उच्चदाब जोडणी स्वतंत्र वाहिनीवरून घेतली, तर हे शक्य आहे. शिवाय चित्र हळूहळू बदलते आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली ठिकठिकाणी सौर प्रकल्प उभे राहत आहेत. समृद्धी महामार्गालगत मेहकरच्या इंटरचेंजपाशी दोन मेगावॉटचा असा प्रकल्प २०२५ मध्ये कार्यान्वित झाला. चांगल्या उन्हाच्या दिवशी तेवढ्या क्षमतेतून आठ हजार युनिटपर्यंत वीज निघते. ती वीज शेतीसाठीच आहे आणि तिला कोणी हात लावू नये. परंतु वर हिशेबात धरलेल्या वीस बसच्या आगाराची दिवसाची गरज तिच्याहून कमी आहे, एवढी तुलना केली तरी आकाराची कल्पना येते. आगाराची स्वतःची छपरे, कार्यशाळेचे पत्रे आणि बसस्थानकावरील निवारे यांवर सौरपट्ट्या बसवल्या, तर दिवसाच्या सार्वजनिक चार्जिंगचा बराच भार तेथेच उचलला जाईल. बस रात्री भरते आणि सूर्य दिवसा तळपतो, हा विसंवाद दिवसाच्या ग्राहकामुळेच मिटू शकतो. गावाला दिलेली वीज हा उपकार नाही. तोच या व्यवस्थेचा समतोल आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा परिसरात एका खासगी बसला अपघातानंतर आग लागली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. ती बस विजेवरची नव्हती. पण वाहनाला लागलेली आग काय करते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. म्हणून चार्जिंगची जागा प्रवाशांच्या फलाटापासून दूर असणे, वीज एका क्षणात तोडण्याची सोय असणे, पावसाळ्यात पाणी न साचणारी उंची असणे आणि अग्निशमनाचे प्रशिक्षण घेतलेला माणूस चोवीस तास हजर असणे, या गोष्टी ऐच्छिक नाहीत. बसस्थानकातील अस्वच्छता आणि अव्यवस्था यांकडे ज्या सवयीने पाहिले जाते, त्या सवयीने विजेच्या बाबतीत पाहता येणार नाही. ज्याला आजवर स्वच्छतागृह नीट ठेवता आले नाही, त्याच्या हाती उच्चदाब वाहिनी द्यावी काय, असे कोणी विचारले, तर त्यात केवळ उपहास आहे असे समजू नये.

तिसरा मुद्दा सर्वांत कळीचा आहे आणि तो मालकीचा आहे. विजेच्या बस आता विकत घेतल्या जात नाहीत, तर किलोमीटरमागे ठराविक रक्कम देऊन भाड्याने चालवल्या जातात. असे करार दहा-बारा वर्षांचे असतात. आगाराची जागा महामंडळाची, बस कंत्राटदाराची, वीज महावितरणची आणि चार्जिंग यंत्रे करारात लिहिले असेल त्याची, अशी ही वाटणी होते. करारात सार्वजनिक वापराचे कलम नसेल, तर यंत्रे दिवसभर रिकामी असली तरी गावाला त्यांना हात लावता येणार नाही. आणि ते कलम कंत्राटदाराच्या बाजूचे असेल, तर जनतेच्या जागेवर, जनतेच्या पैशाने आलेल्या वाहिनीवर नफा मात्र तिसऱ्याचा होईल. म्हणून उच्चदाब जोडणी आणि रोहित्र महामंडळाच्या नावावर असावे. बसला पहिला अग्रक्रम असावा. उरलेल्या क्षमतेचा सार्वजनिक वापर बंधनकारक असावा. आणि त्याचे दर बसस्थानकावर मराठीत, ठळक अक्षरांत लावलेले असावेत. या चार ओळी आज करारात लिहिल्या, तर काही खर्च होत नाही. पाच वर्षांनी त्या घालायच्या म्हटल्या, तर न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

कायद्याची आडकाठी फारशी नाही. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यासाठी वीज कायद्याखाली वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग सुविधेचे उद्दिष्ट आहे. पण महामार्गावरून सुसाट जाणाऱ्या मोटारीची जेवढी काळजी धोरणकर्त्यांना आहे, तेवढी लोणारच्या, संग्रामपूरच्या, देऊळगाव राजाच्या स्थानिक वाहनाची दिसत नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. त्यावरील सुविधा नागपूर-मुंबई प्रवाशासाठी आहेत. गावच्या वाहनाला गावात वीज हवी. तालुक्यातालुक्यात पोहोचलेली, जागा असलेली, माणसांना ओळखीची अशी एकच सार्वजनिक संस्था आहे आणि ती म्हणजे एस.टी.

अडचण आहे ती खात्याखात्यांतील भिंतींची. मुंबईत 'बेस्ट'ने ट्रॉलीबसचा प्रयोग करू धजावे, याचे एक कारण तिच्या नावातच आहे. वीजपुरवठा आणि वाहतूक या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली होत्या. तार कोणाची आणि बस कोणाची, हा वाद तेथे उद्भवलाच नाही. दीर्घकाळ विजेच्या उत्पन्नाने बसचा तोटाही भरून काढला. उर्वरित महाराष्ट्रात वीज मंडळ वेगळे आणि परिवहन महामंडळ वेगळे. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरणाची जबाबदारी महावितरणकडे आली. आता आगाराच्या जोडणीचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिला, तर बस येऊनही उभ्या राहतील. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एस.टी.चे विभाग नियंत्रक, महावितरणचे अधीक्षक अभियंता आणि संबंधित नगरपालिका यांनी एका टेबलाशी बसून सातही आगारांचा एकत्र आराखडा करणे, ही यातील पहिली पायरी आहे. त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

ज्ञानासाठी फार दूर जावे लागेल असेही नाही. शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून उभे आहे. जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. आर्नहेमच्या तारेचे गणित जर तेथील तंत्रविद्यापीठातील विद्यार्थी मांडू शकतात, तर शेगाव आगाराच्या भाराचे तासागणिक कोष्टक, राजूर घाटातील उताराचे मोजमाप आणि चार्जिंग यंत्राच्या जागेचा नकाशा ही कामे येथील विद्यार्थ्यांना अवघड नाहीत. यंत्र परदेशातून आणता येते. ते आपल्या घाटाला, उन्हाळ्याला आणि आपल्या माणसांच्या वेळापत्रकाला कसे लावायचे, हे ज्ञान आणता येत नाही. ते येथेच निर्माण करावे लागते. स्वदेशीचा अर्थ कारखान्याच्या पाटीपुरता नाही, तर या क्षमतेपर्यंत पोहोचतो. आगाराच्या कार्यशाळेत डिझेल इंजिनावर आयुष्य घालवलेल्या यांत्रिकालाही या बदलात वाऱ्यावर सोडता येणार नाही. त्याला नवे प्रशिक्षण मिळाले नाही, तर बस नवी आणि माणूस निकामी अशी स्थिती होईल आणि १९७१ ची पुनरावृत्ती व्हायला वेळ लागणार नाही.

मुंबईच्या ट्रॉलीबसचा धडा हाच आहे. एखादी सोय एकाच प्रकारच्या वाहनासाठी उभी केली की, त्या वाहनाबरोबर ती सोयही संपते. खांब उपटले जातात, तारा भंगारात जातात आणि पिढीने कमावलेले कौशल्य मातीला मिळते. तीच सोय बस, रिक्षा, रुग्णवाहिका आणि शेतकऱ्याचा टेम्पो यांच्या उपयोगाची असेल, तर तिच्या मागे गाव उभे राहते; तिची देखभाल झाली नाही तर लोक जाब विचारतात. बुलढाणा जिल्ह्यातील सात आगारांत विजेची जोडणी येणे आज ना उद्या अटळ आहे. ती आल्यावर कुंपणाच्या आत कडीकुलपात राहणार की बसस्थानकाच्या दारातून गावात येणार, हे करारावर सही होण्यापूर्वी ठरायला हवे. जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी, नगरपालिकांनी, प्रवासी संघटनांनी आणि जागरूक नागरिकांनी त्या चार ओळींचा आग्रह आताच धरावा. पहाटेची बस वेळेवर सुटली पाहिजे, हे सर्वांत आधी. आणि ती गेल्यावर त्याच रोहित्रावर गावाचा दिवस चालला पाहिजे, हे त्याच्या जोडीने.